पायची किंमत

आमच्या घरात ‘कॅलिपर’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुणाचा? एक कॅलिपर माझा. गोल वस्तूचा व्यास मोजायचा, वाकड्या पायांचा, पोलादी. दुसरा माझ्या मुलीचा. दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, गुडघ्याशी चामड्याचा पट्टा आणि खाली बूट. माझा टेबलाच्या खणात असतो, तिचा सकाळपासून निजेपर्यंत तिच्या डाव्या पायावर. खंडेनवमीला मात्र दोन्ही एका पाटावर येतात. बायको आधी शिवणयंत्राची पूजा करते, मग विळी आणि कात्रीची, आणि मग या दोन्ही कॅलिपरांना हळदकुंकू लावून झेंडूचं एकेक फूल वाहते. घरातली हत्यारं म्हणून आम्ही हीच पूजतो.

मी बासष्ट साली चिंचवडला आलो. तेव्हा हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना बाजरीची शेतं होती आणि मधेमधे कारखान्यांचे लांबलचक पत्रे दिसायचे. सुरुवातीला लेथवर काम केलं, पुढे मला तपासणी विभागात घेतलं. तयार झालेला प्रत्येक भाग, ज्याला आम्ही जॉब म्हणतो, तो मोजायचा. वरची आणि खालची अशी दोन मापं ठरलेली असतात, त्यांना लिमिट म्हणतात. जॉब त्या दोन मापांच्या मधे बसला तर पास, नाही तर परत. माझे साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “माप असेल ते लिहायचं, हवं असेल ते नाही.” हे मी आजवर पाळत आलो आहे. किमान कारखान्यात तरी.

आम्ही भाड्याने राहत होतो ते ठिकाण नदीच्या बाजूला होतं. एका ओळीत चार खोल्या आणि पुढे लांब ओटा. घरमालकीण गावातल्या जुन्या घराण्यातली, रोज ओट्याच्या टोकाला बसून तांदूळ निवडायची. शेजारच्या खोलीत एक मुसलमान कुटुंब होतं. नवरा स्कूटर आणि टेम्पो दुरुस्त करायचा, हमरस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आमची मुलगी त्यांना चाचा म्हणायची, त्यामुळे पुढे सगळी ओळच त्यांना चाचा म्हणायला लागली, मीसुद्धा, जरी वयाने ते माझ्याएवढेच. त्यांना एक मुलगा होता. आमची मुलगी आणि तो दोघं एकाच वर्षी जन्मलेले, तो दोन महिन्यांनी मोठा. चाचा गॅरेजमधून निकामी बेअरिंग आणून द्यायचे आणि ही दोघं ती ओट्यावरून घरंगळत सोडायची. जे आधी खाली पडेल ते हरलं, असा त्यांचा काहीतरी नियम होता.

एकोणसत्तरच्या पावसाळ्यात दोघांना एकाच आठवड्यात ताप आला. ती दोघं तेव्हा तीन वर्षांची. आम्हाला वाटलं सर्दीचा ताप असेल, दोघं एकाच भांड्यातलं पाणी पितात. ताप उतरतोय असं वाटलं त्या सकाळी मी मुलीला उभी केली आणि ती खाली बसली. परत उभी केली, परत बसली. मला वाटलं अशक्तपणा आहे. घरमालकीण उठून आली, तिने मुलीचा डावा पाय उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा पडला.

“ह्यो साधा ताप न्हाई,” ती म्हणाली. “पोरीच्या पायावरनं वारं गेलंय.”

शेजारच्या खोलीत त्याच वेळी मुलगा गिळायला त्रास होतो म्हणून रडत होता. चाचांनी गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आलेला टेम्पो काढला. दोन्ही बाया मागे दोन मुलांना मांडीवर घेऊन बसल्या, मी पुढे. पुण्याच्या इस्पितळात दोघांना एकाच वॉर्डात शेजारच्या खाटा मिळाल्या. पोलिओ, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की हा आजार कुठपर्यंत चढेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही. आमच्या मुलीचा पायाशी थांबला. त्यांच्या मुलाचा छातीपर्यंत गेला.

चाचा त्याच टेम्पोतून त्याला घरी घेऊन आले.

आमची मुलगी पुढे महिनाभर इस्पितळात होती. तिला घरी आणलं त्या दिवशी माझ्या आईने गावाहून सांगितलेले पेढे बायकोने आणले होते, पण पुडा फडताळातच राहिला. ओळीत वाटायचे तर पहिलं दार त्यांचं. आमची वाचली, हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. चाची मात्र स्वतःहून आली, मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, आणि जाताना त्या निर्जीव पायावर हात फिरवून गेली. तेव्हापासून आमच्या घरात मुलीच्या वाढदिवसाला पेढे येत नाहीत. तसं कुणी ठरवलं नाही.

मुलगी पाच वर्षांची झाल्यावर कॅलिपर आला. पुण्याचा कारागीर तो बनवायचा, पण त्याचे रिबीट सैल व्हायचे, सांधा करकरायचा, आणि त्यासाठी दरवेळी पुण्याला जाणं होत नसे. ते काम चाचांनी आपणहून घेतलं. मुलगी रविवारी सकाळी गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसायची.

“काय इन्स्पेक्टरीणबाई, गाडी सर्व्हिसिंगला आणली का?”

“ऑइल घाला चाचा. वर्गात सगळे वळून बघतात.”

“बघू दे की. हॉर्न आहे तो. रस्ता सोडतात ना?”

“कुणी सोडत नाही.”

“मग मोठा हॉर्न लावू. टेम्पोचा.”

ती हसायची. चाचा तिचा बूट काढून आधी तळवा पुसायचे, मग कामाला लागायचे. त्या वेळी मी तिथे थांबत नसे.

ती सात वर्षांची असताना पुण्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी मला एक गोष्ट समजावून सांगितली होती, आणि ती इथे नीट सांगायला हवी. पोलिओचा पाय चांगल्या पायाच्या मानाने हळू वाढतो. मूल वाढत जातं तसा दोन्हींतला फरक वाढू शकतो. फरक फार होतोय असं दिसलं, तर मूल दहा-बारा वर्षांचं असताना चांगल्या पायाच्या हाडावर एक छोटं ऑपरेशन करून त्याची वाढ थांबवता येते, म्हणजे मागे राहिलेला पाय त्याला गाठतो. पण ते वाढीच्या वयातच. “दर वर्षी मोजा,” ते म्हणाले. “फरक वाढायला लागला की ताबडतोब माझ्याकडे आणा.” त्यांनी टेपने मोजून दाखवलं. कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या हाडापर्यंत.

टेपवर माझा विश्वास नव्हता. कापडी टेप ताणली जाते, मांसावर ढिली पडते, आणि मूल हललं की हाडाचं टोक बोटाखालून सरकतं. कारखान्यात कुणी असं माप घेतलं असतं तर मी ते मान्य केलं नसतं. म्हणून मी माझी पद्धत केली. सागाची एक सरळ फळी रंधून आणली, तिच्या एका टोकाला आडवी पट्टी ठोकली. मुलगी फळीवर उताणी निजायची, खांदे त्या पट्टीला टेकवायची, पाय सरळ करायची. मी टाचांना गुण्या लावून फळीवर दोन पेन्सिलीच्या रेघा ओढायचो आणि दोन रेघांमधलं अंतर पोलादी पट्टीने मोजायचो. दिवस खंडेनवमीचा ठरवला, कारण त्या दिवशी माझी हत्यारं घरी पुसून तयार असत.

पहिल्या वर्षी पाऊण इंच आलं. दुसऱ्या वर्षी पाऊणला किंचित जास्त. ती नऊ वर्षांची असताना पुरता एक इंच. मी तीनदा मोजलं. त्या दिवशी पानावर बसलो आणि उठलो. बायको म्हणाली, “अहो, सणाचं पान आहे.” मी चपला घालून नदीपर्यंत जाऊन आलो. मुलगी दारात कॅलिपर बांधत बसली होती, तिने विचारलं, “बाबा, मी नापास झाले का?” मी म्हटलं, पुढच्या वर्षी परत बघू.

पुढच्या वर्षी पाऊण इंच आलं.

माझा विश्वास बसेना. परत मोजलं, तेच. मी मालिश वाढवली होती, गरम पाण्याचे शेक चालू होते, व्यायाम एकही दिवस चुकवला नव्हता. वाटलं, लागू पडलं. मला आठवतं, मी फळी ओल्या फडक्याने पुसली आणि पुसताना शीळ घालत होतो. त्यानंतरच्या वर्षी अर्ध्या इंचावर थोडं. डॉक्टरांकडे जायचं कारणच उरलं नाही. त्यांनी वाढलं तर या असं सांगितलं होतं, आणि इथे कमी होत होतं.

ती सातवीत गेली आणि एक दिवस शाळेतून येऊन म्हणाली, “बाबा, आज आम्हाला पाय शिकवला.”

मला क्षणभर कळलंच नाही.

“वर्तुळाचा,” ती म्हणाली. “गुरुजींनी मला उभं करून विचारलं, पायची किंमत सांग. मागून एक जण म्हणाला, गुरुजी, हिच्या कोणत्या पायाची?”

बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. मी विचारलं, मग?

“सगळे हसले. गुरुजी पण हसले, थोडेसे. मग मी म्हटलं, तुझा एक काना जास्त झाला. पायाची म्हणजे माझ्या. पायची म्हणजे वर्तुळाची. आणि ती बावीस सप्तमांश.”

एवढं बोलून ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकली आणि रडायला लागली. बायकोने पोळी तव्यावर तशीच टाकून तिला जवळ घेतलं. पोळी करपली ती कुणी उचलली नाही.

मी लेथवर असताना पाय रोज वापरला होता. कापण्याचा वेग काढायच्या सूत्रात तो असतो, आम्ही त्यात आकडे भरायचो आणि पुढे जायचो. तो आला कुठून हे मी कधी विचारलं नव्हतं. पण तिला उद्या परत त्याच वर्गात बसायचं होतं. हसणाऱ्यांना पायबद्दल जेवढं माहीत आहे त्याहून तिला जास्त माहीत असावं, एवढंच मला सुचलं. मी वाचनालयातून पुस्तकं आणायला लागलो. मराठीत थोडं मिळालं, इंग्रजीतलं मी कोश घेऊन वाचलं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर तिच्या पायाला तेल लावताना जेवढं मला समजलं असेल तेवढं सांगायचो.

सुरुवात माझ्या गावच्या लोहारापासून केली. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना तो चाकाच्या रुंदीच्या तिप्पट आणि वर थोडं एवढी पट्टी घ्यायचा. फार पूर्वी जगभर बऱ्याच लोकांनी नुसतं तिप्पटच धरलं होतं. मग ग्रीकांमधल्या एकाने वर्तुळाच्या आत आणि बाहेर सरळ बाजूंच्या आकृत्या काढल्या, बाजू वाढवत वाढवत शहाण्णवपर्यंत नेल्या, आणि सांगितलं की खरी किंमत या दोघांच्या मधे आहे. तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशपेक्षा जास्त, तीन पूर्णांक एक सप्तमांशपेक्षा कमी.

“म्हणजे तुमच्या लिमिटसारखं,” ती म्हणाली.

“अगदी तसंच. आणि बावीस सप्तमांश म्हणजे तीन पूर्णांक एक सप्तमांश. ती वरची लिमिट आहे.”

“मग गुरुजी जी किंमत सांगतात ती चुकीची?”

“जवळची.”

दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडच्या एका गणितज्ञाने वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ बासष्ट हजार आठशे बत्तीस सांगितला. आणि सांगताना एक शब्द जोडला : आसन्न. म्हणजे जवळ आलेला, पोचलेला नव्हे. पुस्तकात तो शब्द दिसला तेव्हा मी थबकलो. तोवर मला तो एकाच जागी माहीत होता, आसन्नमरण. इस्पितळातल्या शेजारशेजारच्या दोन खाटा डोळ्यांसमोर आल्या. हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की त्या माणसाने इतकं बारीक गणित केलं आणि तरी हे जवळपास आहे असं स्वतःच सांगून ठेवलं.

तिला सगळ्यात आवडली ती केरळातली गोष्ट. तिथल्या गणितज्ञांनी पायकडे जायची एक न संपणारी वाट शोधली. चार घ्या. त्यातून चार तृतीयांश वजा करा. मग चार पंचमांश मिळवा. मग चार सप्तमांश वजा करा, आणि असं करतच राहा. मी फळीच्या मागच्या बाजूला खडूने करून दाखवलं. आधी चार, मग पावणेतीनच्या खाली, मग जवळजवळ साडेतीन, मग परत तीनच्या खाली, मग सव्वातीनच्या वर. एकदा जास्त, एकदा कमी, पण प्रत्येक वेळी झोका थोडा लहान.

ती बघत राहिली. मग म्हणाली, “बाबा, हे लंगडत चालतंय.”

मी तेलाचा हात थांबवला. ती रडवेली वगैरे नव्हती. तिला खरंच मौज वाटत होती. “एक पाऊल लांब, एक आखूड. माझ्यासारखंच. पण जातंय बरोबर.”

“पोचत नाही कधी,” मी म्हटलं.

“जातंय ना पण.”

शेवटी मी तिला एका इंग्रज माणसाची गोष्ट सांगितली. गेल्या शतकात त्याने हाताने गणित करून पायची सातशे सात दशांश स्थळं काढली. कितीतरी वर्षं घातली. पाचशे अठ्ठाविसाव्या स्थळाला त्याची चूक झाली आणि तिथून पुढचे सगळे आकडे चुकत गेले. सत्तरेक वर्षांनी दुसऱ्या कुणी तरी पडताळलं तेव्हा ते उघड झालं.

“तो होता तेव्हा?”

“नाही. कधीच गेला होता.”

“म्हणजे त्याला कुणी सांगितलं नाही.”

“सांगणार कोण?”

तिने जरा विचार केला. “बरं झालं,” ती म्हणाली.

तिचं हे उत्तर मला त्या वेळी फक्त गोड वाटलं.

ती चौदा वर्षांची झाली आणि कमरेत दुखतं म्हणायला लागली. ऐंशी साल. आम्ही परत त्याच डॉक्टरांकडे गेलो. ते आता म्हातारे दिसत होते. त्यांनी तिला टेबलावर निजवलं, कमरेच्या हाडाच्या टोकावर अंगठा रोवला, आणि टेप घोट्यापर्यंत नेली. दोन्ही पाय मोजून ते म्हणाले, “दोन इंच.”

मी म्हटलं, साहेब, अर्ध्या इंचाच्या आत आहे. मी दर वर्षी मोजतो. मग मी माझी पद्धत सांगितली, फळी, पट्टी, गुण्या, रेघा. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तिला म्हणाले, “बाळ, डावी कंबर खाली ढकल बघू.” तिने ढकलली. मी टेबलाच्या पायथ्याशी उभा होतो. तिची डावी टाच माझ्या डोळ्यांसमोर उजवीच्या जवळ सरकत आली.

मोजताना जिथून माप सुरू होतं ती जागा हलता कामा नये. नवीन आलेल्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो. तिची ती जागा कमरेचं हाड होती आणि डॉक्टरांनी मला ती बोटाने दाखवली होती. मी खांद्यांपासून मोजत राहिलो. मधली कंबर मोकळी होती.

ती स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधायला लागली तेव्हा डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. दोन-तीन वर्षं आधी आणायला हवी होती. आता हाडांची वाढ संपत आली आहे, थांबवायला काही उरलं नाही. बुटाखाली जाड तळ लावा. मी मान हलवत राहिलो. ती खाली वाकून नाडी बांधत होती, आणि तिला त्या दिवशी फार वेळ लागला.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. खडकी मागे पडल्यावर मी विचारलं, “दर वेळी ढकलायचीस?”

“हो.”

“कधीपासून?”

“तुम्ही न जेवता नदीवर गेलात ना, त्याच्या पुढच्या वर्षीपासून.”

“अगं पण का?”

ती खिडकीतून बाहेर बघत होती. “कमी आलं की तुम्ही शीळ घालायचात,” ती म्हणाली.

त्या ढकलण्याने काय गेलं ते मी तिला सांगितलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलं, की फरक जास्त निघाला. घरी कॅलिपर सोडून ती निजल्यावर मी चाचांच्या गॅरेजवर गेलो. ते कार्ब्युरेटर खोलून बसले होते. सगळं सांगितलं. दहा वर्षांची पोर मला फसवते आणि मी मापं घेणारा माणूस, असं काहीतरी मी पुन्हापुन्हा बोलत होतो. दीड इंचाचा फरक, दीड इंच कसा दिसला नाही मला.

चाचांनी हातातला स्क्रू रॉकेलच्या बशीत टाकला.

“भाऊ,” ते म्हणाले, “मोजायला पोरगी आहे तुमच्याकडं.”

आवाजात राग नव्हता. नंतर त्यांनी चहा मागवला. “तिला सांगणार?” एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. “मग मलाबी काही ठाऊक नाही,” असं म्हणून त्यांनी स्क्रू परत बाहेर काढून पुसायला घेतला. पुढच्या रविवारी बुटाला जाड तळ त्यांनीच बसवून आणला, आणि चालवून बघताना मुलीला म्हणाले, “बघ, आता तुझी उंची वाढली, स्थळं बघायला हरकत नाही.” ती म्हणाली, “चाचा, आधी तुमचं पोट कमी करा.” दोघं हसले. मी त्या वेळी तिथे थांबलो होतो.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी फळी काढली नाही. पुढच्याही नाही. ती कपाटाच्या मागे उभी होती. पाटावर शिवणयंत्र, विळी, कात्री आणि दोन कॅलिपर आले, फुलं वाहिली गेली, आम्ही जेवलो. मुलीने काही विचारलं नाही. ती मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली, गणितात सगळ्यात जास्त, आणि बसने कॉलेजला जायला लागली. मला वाटायचं, निदान ही एक गोष्ट मी नीट झाकून ठेवली आहे. त्या इंग्रजाला कुणी सांगितलं नाही, हिलाही कुणी सांगणार नाही.

गेल्या खंडेनवमीला, म्हणजे ती सोळा वर्षांची असताना, पूजा झाल्यावर खोलीतून काहीतरी घासत ओढल्याचा आवाज आला. ती फळी ओढत बाहेर आणत होती. तिने ती जमिनीवर टाकली, कॅलिपर सोडला, खाली बसून उताणी झाली आणि खांदे पट्टीला टेकवले.

“मोजा बाबा,” ती म्हणाली. “आज ढकलत नाही.”

“आता काय करायचंय मोजून?”

“मोजा तर.”

मी गुडघ्यांवर बसलो. या वेळी कमरेचं हाड आधी शोधलं आणि ती सरळ आहे की नाही ते दोन्ही अंगठ्यांनी पाहिलं. गुण्या लावला, दोन रेघा ओढल्या. पुसूनही जुन्या रेघांच्या पुसट खुणा अजून होत्या, दर वर्षी एकमेकींच्या जवळ जवळ येत गेलेल्या. नव्या दोन मात्र एकमेकींपासून खूप दूर पडल्या.

“किती?”

“दोन इंच.”

“बरोबर दोन?”

“जवळपास.”

“आसन्न,” ती म्हणाली. छताकडे बघत होती. मग म्हणाली, “डॉक्टर तेव्हा इंग्रजीत बोलले ना, ते मला कळलं होतं. टू लेट एवढं इंग्रजी मला येतं.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला आजच कळत होतं. मी पेन्सिल हातात धरून तसाच बसलो. मुलगी दोन वर्षं हे घेऊन आधी शाळेत जात होती, मग कॉलेजच्या बसमध्ये चढत उतरत होती आणि मला वाटत होतं की ओझं माझ्याकडे आहे.

“सांगायचं नव्हतं तुम्हाला,” ती म्हणाली. “पण मग तुम्ही फळीच काढेनात.”

  बायको आत जाऊन ओलं फडकं घेऊन आली आणि माझ्या हातात दिलं. मी फळी पुसायला घेतली. टाचांपासून सुरुवात केली. मुलगी उठली नाही. खांदे पट्टीला टेकवून, दोन्ही पाय आपापल्या लांबीचे ठेवून ती पडून राहिली, आणि तिने डोळे मिटले.

शीळ घालायला मी दोनदा ओठ जुळवले. नुसती हवा आली. ती तशीच पडून ऐकत होती.